कृपाण, एक की दोन

आई,

काल तुझी वकिलीतली ज्युनिअर माझ्याकडे जेवायला आली होती. तिचा मुलगा गॅस कंपनीत इंजिनिअर आहे, इथं दोह्यात अल गराफा भागात राहतो, आणि ती महिनाभरासाठी त्याच्याकडे आली आहे. गेल्या आठवड्यात फोन आला, "ओळखलंस का गं?" आणि मी पहिल्या दोन शब्दांतच ओळखलं. तो आवाज मी सहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकला आहे. मी म्हटलं, ताई, शुक्रवारी जेवायलाच या, मी गाडी घेऊन येते न्यायला. अगदी गोड आवाजात म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिले. मला अठ्ठेचाळीसावं लागलंय, दोह्यात एकोणीस वर्षं झाली, तुला जाऊन सोळा. आणि तिच्या एका फोननं मी पुन्हा पंधरा वर्षांची होऊन नांदेडच्या त्या स्वयंपाकघरात पाट्यापाशी बसलेली असते.

आज शनिवार. इथं सुट्टी असते. हे रास लफानच्या प्रकल्पावर शिफ्टला गेलेत, लेक तिच्या खोलीत आहे, आणि मी डायनिंग टेबलवर ऑफिसच्या रायटिंग पॅडवर तुला लिहायला बसले आहे. तुला कधी पत्र लिहिलं नव्हतं मी. फोनवर बोलायचो, तेही दर रविवारी, जेवलीस का, पाऊस आहे का, इतकंच. जे लिहायचंय ते तू असताना बोलता आलं नाही. मला तिचा हेवा वाटतो, आई. अजून वाटतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही, कारण सांगायला गेलं तर फार हलकं वाटतं. तिनं माझं काय घेतलं? एक वस्तूही नाही.

ती आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. किनवटकडच्या खेड्यातली मुलगी, नुकतीच सनद मिळालेली, खांद्याला कापडी पिशवी. तू कोर्टाजवळच्या आपल्या भाड्याच्या घरात पुढच्या खोलीत बसायचीस, आणि बाबा बँकेच्या तपासणीसाठी महिन्यातले वीस दिवस बाहेर. तू तिला पहिल्याच दिवशी एक निकालपत्र मोठ्यानं वाचायला लावलंस. ती अडखळत वाचत होती आणि तू मध्ये मध्ये थांबवून विचारत होतीस, "इथं 'आणि' आहे का 'किंवा'? बघ नीट." मी दाराआड उभी होते. मला वाटलं ही रडणार. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा हजर. त्यानंतर सहा वर्षं आपल्या घरात तुमच्या दोघींचं बोलणं कधी थांबलंच नाही. कोर्टातून आलीस की तू भाकरी थापायला बसायचीस आणि ती उंबऱ्यात फाईल मांडीवर घेऊन. परातीत पीठ, तव्यावर भाकरी, आणि तोंडात कलम. माझ्याकडे बघून तू बोलायचीस ते एवढंच, "ती भाकरी उलट, करपायली."

मला तुमचं बोलणं कळायचं, हे तुला माहीत नव्हतं. किंवा मी तरी तसं समजत होते. मी गृहपाठाची वही पुढे घेऊन बसायचे आणि सगळं ऐकायचे. भाडेकरूंच्या केसेस, पोटगीच्या केसेस. आणि मग ती कृपाणची केस.

एका सरकारी कार्यालयातली कारकून होती ती. शीख, चाळिशीची, मध्यम उंचीची, बोलायला मऊ. नांदेडमध्ये कृपाण कुणाला नवलाची नाही, आपल्या गल्लीतला दूधवालाही घालायचा. पण तिथं नवीन अधिकारी आला बाहेरून, आणि त्यानं हुकूम काढला की कार्यालयात शस्त्र घेऊन यायचं नाही. तिनं काढायला नकार दिला. निलंबित झाली. तिच्या अंगावर दोन होत्या, एक कमरेला पट्ट्यात, आणि एक बोटाच्या पेराएवढी, गळ्यातल्या दोऱ्याला. अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलं होतं की एकीचं समजू शकतो, पण ही बाई दोन दोन शस्त्रं बाळगते.

ती बाई पुढच्या खोलीत बसली होती तो दिवस मला आत्ता दिसतोय. तू तिला चहा दिलास आणि म्हणालीस, "बहेनजी, ये किताब में लिखा है," आणि टेबलावरचं घटनेचं पुस्तक तिच्याकडे सरकवलंस. मग रात्रीच्या भाकऱ्या थापताना तू ताईला समजावत होतीस. एकाच पुस्तकात एका ठिकाणी लिहिलंय की नागरिकांनी शांततेनं आणि विनाशस्त्र जमावं. आणि थोडी पानं उलटली की दुसऱ्या ठिकाणी खुलासा आहे, कृपाण धारण करणं आणि बाळगणं हे शीख धर्म पाळण्यातच धरलं जाईल. म्हणजे आपल्याकडं शस्त्राचा सरसकट हक्क कुणालाच नाही, बंदुकीला परवाना मागावा लागतो, पण हे एक शस्त्र घटनेनं नाव घेऊन सांगितलंय. "का सांगितलंय? शस्त्र म्हणून का धर्म म्हणून? याच्यावर सगळं अवलंबून आहे बघ." ताई मान हलवत होती. तू पुढे म्हणालीस की इंग्रजी प्रतीत 'कृपाण'च्या शेवटी एस आहे. अनेकवचन. म्हणजे दोन बाळगायलाही हरकत नाही. आठवडाभर तू त्या एसवर काम करत होतीस. जुने निकाल, शब्दकोश, नोट्सची पानंच्या पानं.

आणि मी तोंड उघडलं. मला वाटतं त्या सबंध वर्षात मी तुमच्या बोलण्यात तोंड घातलेला तो एकच दिवस. मी म्हटलं, "पण आई, आमच्या शाळेच्या फळ्यावर लिहिलंय, मुलींनी ओळखपत्रं गळ्यात घालावीत. म्हणून काय मी दोन घालते? मुली पुष्कळ आहेत म्हणून ओळखपत्रं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तुझा हात परातीत तसाच राहिला. मग तू म्हणालीस, आणि तुझा आवाज मला अजून तसाच ऐकू येतो, "गप्प बस. कुणाच्या बाजूनं बोलायलीस कळतंय का? मोठी माणसं बोलताना नाक खुपसायचं नाही. आधी पूर्ण वाक्य वाचायला शीक." मी उठून मागच्या अंगणात गेले. भांडी घासायचा दगड होता तिथं बसले. आतून तुमचं बोलणं ऐकू येईना. मला वाटलं तू तिला म्हणत असशील, लक्ष देऊ नकोस, पोरीला अक्कल नाही.

पुढच्या महिन्यात तुम्ही दोघी औरंगाबादला न्यायाधिकरणात गेलात. पहाटेच्या एसटीनं. माझी घटक चाचणी होती म्हणून मी शेजारच्या काकूंकडे. तुम्ही जिंकून आलात. ती कारकून बाई कामावर परत रुजू झाली आणि घरी कडाप्रसाद घेऊन आली, तुपानं निथळणारा, स्टीलच्या डब्यात. तू पहिला घास ताईच्या हातावर ठेवलास. मला वाटीत दिलास. मला अजून त्या तुपाची चव आठवते आणि राग येतो, मग आपलंच हसू येतं, की एवढ्या वर्षांनी माणूस वाटी आणि हात यांतला फरक लक्षात ठेवतो.

बारावीनंतर मी म्हटलं, लॉ करते. तू वर न बघता म्हणालीस, "तुझं काम नाही ते. बी.कॉम. कर." मी केलं. त्याच वर्षी ताई स्वतंत्र प्रॅक्टिस करायला औरंगाबादला निघाली, आणि तू तिला तुझं घटनेचं पुस्तक दिलंस, ते पेन्सिलीच्या खुणांचं, ज्याला मला हात लावू द्यायची नाहीस. मला तू दोह्याला निघताना कुकर दिलास. पाच लिटरचा. चांगला होता, मी काही तक्रार करत नाही. पण विमानात बसल्यावर मला तो कुकर नव्हता दिसत, ते पुस्तक दिसत होतं. आणि तू गेलीस तेव्हाही तीच होती उशाशी. मी हैदराबादला उतरून टॅक्सीनं नांदेड गाठेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. तिनं मला दारातच धरलं आणि म्हणाली, शेवटचं पाणी मीच पाजलं गं. तिला वाटलं ऐकून मला बरं वाटेल.

आता इथलं सांगते. माझी लेक एकोणीस वर्षांची झाली. इथंच एका अमेरिकन विद्यापीठाची शाखा आहे, तिथं राज्यशास्त्र शिकते. तुझी नात लहान होती तेव्हा तू तिला पाहिलंस, तीनच वर्षांची होती. आता माझ्यापेक्षा उंच आहे. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. मी म्हटलं, जेवायला ये, की उत्तर येतं, "कमिंग, मम्मा." काही आवरलं की "खलास." एवढाच आमचा संवाद. तर तिच्या वर्गात एक सराव-खटला आहे आणि विषय आहे अमेरिकेच्या घटनेतला शस्त्र बाळगण्याचा हक्क. त्यांच्याकडे त्याबद्दल एकच वाक्य आहे म्हणे. पहिला अर्धा भाग सांगतो की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी शिस्तबद्ध नागरी सेना लागते. दुसरा अर्धा सांगतो की शस्त्रं जवळ ठेवण्याच्या आणि बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला धक्का लावायचा नाही. आणि दोनशेहून जास्त वर्षं तिथले लोक भांडतायत, की पहिला अर्धा भाग नुसतं कारण आहे की अट आहे. हक्क एकेकट्या माणसाचा, की सगळ्यांचा मिळून, सेना म्हणून. माझ्या लेकीच्या वाट्याला दुसरी बाजू आली होती. हक्क सेनेसाठी आहे, घराघरातल्या बंदुकीसाठी नाही, असं तिनं मांडायचं.

तीन आठवड्यांपूर्वी ती माझ्याकडे कागद घेऊन आली होती, आई. स्वतःहून. मी लॅपटॉपवर होते, ऑफिसचं एक काम अर्धवट राहिलेलं. मी एका बांधकाम कंपनीत करारांच्या विभागात आहे, तुला माहीतच आहे, दिवसभर माझं कामच हे, कुठलं कलम कशाला बांधतं ते बघायचं. ती म्हणाली, "मम्मा, कॅन यू रीड दिस?" मी कागदाकडे पाहिलं आणि मला त्यात रस आला, खरंच आला, आणि तरीही माझ्या तोंडून निघालं, "आधी पूर्ण वाक्य नीट वाच. मग ये." ती गेली. परत आली नाही.

काल ताईला आणायला गेले तर ती व्हिलाच्या फाटकातच उभी होती. केस पूर्ण पांढरे, कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्स शूज. गाडीत बसताना म्हणाली, "किती गं ऊन हे. नांदेडचं मेलं काहीच नाही." आता औरंगाबादच्या खंडपीठात तिचं नाव आहे, दहा-बारा ज्युनिअर आहेत हाताखाली, पण बोलणं तेच. ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या बिल्डिंगखाली पार्किंग मिळेना, शेवटी शाळेच्या बसेस उभ्या राहतात त्या गल्लीत गाडी लावून चालत आलो. मी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या, भरली वांगी, वरण, ठेचा. लेकीला सांगितलं होतं, नांदेडची मावशी येणारे, आजीची ज्युनिअर, थोडा वेळ टेबलावर बस. मला वाटलं दहा मिनिटांत खोलीत पळेल.

ती दोन तास बसली. आणि मराठीत बोलली. अडखळत, चुकत, लिंगवचनाचा पत्ता नाही, पण मराठीत. "मावशी, आजी कोर्टात कशी बोलत होती? म्हणजे लाउड, की शांत?" मी तव्यापाशी उभी होते आणि माझ्या हातातली भाकरी जडच झाली. एकोणीस वर्षं मी तिला मराठीत हाक मारते आहे. ताईला ते एका वाटी वरणावर मिळालं.

मग तिनं तो कागद आणला. ताईनं चष्मा लावला, वाचला, खाली ठेवला. "हे बघ, परक्या मुलखाची घटना, मी काही शिकलेली नाही. तू सांग. लोकांचा हक्क म्हणजे कुणाचा?"

"एव्हरीवन," लेक म्हणाली. मग थांबून, "प्रत्येकाचा."

"तसं कुठं लिहिलंय? लोकांचा लिहिलंय. लोक जमून सभा घेतात, ती सभा एकट्याची असते का?"

लेक विचारात पडली, आणि मी त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. नेमकं तसंच, आई. दाराआडून मी जे पाहायचे तेच, फक्त आता ताई तुझ्या जागेवर होती आणि उंबऱ्यात माझी मुलगी. आणि मी पुन्हा तव्यापाशी. मला ते सहन झालं नाही. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि खुर्ची ओढून बसले.

मी म्हटलं, "आमच्या करारांमध्ये सुरुवातीला एक परिच्छेद असतो. हा करार आपण कशासाठी करतोय ते सांगणारा. खालचं कलम स्वच्छ असेल तर तो परिच्छेद त्याला छेद देऊ शकत नाही. त्यामुळं पहिला भाग अट आहे असं सरळ म्हणू नकोस, समोरचा तुला तिथंच पाडेल. पण कलमातला एखादा शब्द दोन्हीकडे झुकत असेल, तर अर्थ लावायला वरच बघावं लागतं. तू एवढंच दाखव की 'बाळगणं' हा शब्द झुकतो. इथं राष्ट्रीय दिनाला पुरुष रांगेत तलवारी घेऊन नाचतात, बघतेस ना? तेव्हा कुणी म्हणतं का, अमक्याकडे हत्यार आहे? ती रांग तलवारी धरते. एकटा तीच तलवार घेऊन सिटी सेंटर मॉलमध्ये शिरला तर पोलीस येतील. वस्तू तीच, बाळगणं वेगळं. एकदा हे मान्य करून घेतलंस की तुला वर बघायला जागा मिळाली. आणि वर काय लिहिलंय? सेना."

 मग लेक म्हणाली, "मम्मा, दॅट्स ॲक्च्युअली गुड." ते 'ॲक्च्युअली' जरा लागलं, पण ती भराभर लिहून घेत होती.

ताईनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तेव्हाही अशीच बोलली होतीस तू. ओळखपत्राचं."

मी म्हटलं, "आणि बोलणी खाल्ली होती."

"बोलणी?" तिला खरंच आठवत नव्हतं. मग तिनं सांगितलं, ते मी तुला जसंच्या तसं लिहिते, कारण तुला ते माहीत आहे आणि मला काल दुपारपर्यंत माहीत नव्हतं. मी अंगणात गेल्यावर तू परात बाजूला सारलीस. हात तसेच पिठाचे. म्हणालीस, "गेलं. आठवड्याचं काम गेलं बघ. पोरगी बरोबर बोलायली." आणि त्या रात्री तू नोट्सची सगळी पानं काढून टाकलीस. औरंगाबादला सरकारी वकील उभा राहिला आणि त्यानं नेमका तोच मुद्दा काढला, की अनेकवचन आहे ते माणसं अनेक म्हणून, एका माणसाला दोन असा त्याचा अर्थ नाही. अर्धा तास बोलला. मग तू उठलीस आणि म्हणालीस, मान्य आहे. माझ्या अशिलाकडे कृपाण एकच आहे, कमरेची, आणि ती घटनेनं तिला दिलेली आहे. गळ्यात आहे ते बोटाएवढं धार नसलेलं चिन्ह, त्याला शस्त्र म्हणायचं तर समोरच्या साहेबांच्या टायपिनलाही म्हणावं लागेल. ताई म्हणाली, "त्या वकिलाकडं दुसरा मुद्दाच नव्हता गं. बसला खाली. तू बोलली नसतीस तर आम्ही त्या एसला धरून बुडालो असतो."

लेक तोंड उघडं टाकून ऐकत होती. "मम्मा, यू वॉन द केस?"

"येताना एसटीत बाई, तुझी आई, खिडकीतून बघत होत्या," ताई म्हणाली. "परभणीपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाल्या, मला आठवडाभरात दिसलं नाही ते पोरीला भाकरी उलटता उलटता दिसलं. मी म्हटलं, सांगायचं का तिला? तर म्हणाल्या, नको. सांगू नकोस. मी कधी सांगितलं नाही. आता बाई नाहीत, म्हटलं सांगावं."

मी उठून ताटं गोळा केली. नळ सोडला. तुला काय वाटतं, मला आनंद झाला असेल? ताईलाही तसंच वाटलं, ती मागून येऊन पाठीवरून हात फिरवून गेली. पण मी भांडी विसळत होते आणि मनात एकच होतं, की माझं कौतुकसुद्धा तू तिच्याकडे ठेवायला दिलंस. पुस्तक दिलंस, शेवटचं पाणी तिच्या हातून घेतलंस, आणि माझ्या वाट्याचं जे एक वाक्य होतं तेही तिच्याच पिशवीत टाकून पाठवून दिलंस. बत्तीस वर्षं ते तिच्याकडे होतं. मी बी.कॉम. करत होते तेव्हा होतं, मी लग्न करून इकडे आले तेव्हा होतं, तू गेलीस आणि तिनं मला दारात धरलं तेव्हाही तिच्याकडे होतं.

संध्याकाळी तिला सोडायला निघाले. लेकीचा ग्रुप कॉल होता म्हणून ती आली नाही, फक्त खालपर्यंत आली आणि ताईच्या पाया पडली. माझ्या पाया ती दिवाळीला पडते, तेही आठवण केल्यावर. आम्ही दोघीच गाडीत. शुक्रवारची गर्दी, सिग्नलला थांबत थांबत.  ताई म्हणाली, "तुझी पोरगी बाईंवर गेली, सांगते तुला. माझ्या हाताखाली इतकी पोरं येऊन गेली, ऐकून घेऊन प्रश्न विचारणारं असं एक नाही मिळालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने पाठव माझ्याकडं. माझ्याच घरी राहील, रोज कोर्टात नेते. तिला विचार आणि मला कळव. तिच्यासमोर बोलले नाही, म्हटलं आधी आईला विचारावं."

मी म्हटलं, विचारते. इन्शाल्ला, असंही म्हटलं, इथं राहून सवय लागते, आणि इथं या शब्दाचा अर्थ कधी हो असतो आणि कधी नाही.

घरी आले तर लेक दारातच. डोळे चमकत होते. "व्हॉट डिड शी से? माझ्याबद्दल काही बोलली मावशी?"

आणि आई, मी चपला काढत म्हटलं, "नाही गं. ट्रॅफिकचंच बोलत होती."

तिचा चेहरा किंचित उतरला. "ओके," म्हणाली आणि आत गेली.  मला कुणी विचारलं असतं की तू असं का केलंस, तर मी म्हटलं असतं, डोक्यात हवा जाईल तिच्या. परीक्षा आहे. एकटी कशी राहील तिकडे. सगळी कारणं तयार होती, ओळीनं. पण पहिल्यांदा, शब्द तोंडातून निघायच्या आधी, छातीत जे झालं ते कारण नव्हतं. ते काय होतं हे मला चांगलं माहीत आहे, मी ते बारा वर्षांची असल्यापासून ओळखते. मी दाराआडून ऐकून जे शिकले ते हिला समोर बसवून शिकवलं जाणार, आणि शिकवणार ती. मला माझ्याच मुलीचा हेवा वाटला.

काल झोपताना मी त्या एसटीचा विचार करत होते. तू खिडकीशी, शेजारी ताई, मांडीवर फाईल. केस जिंकलेली. आणि तू परभणीपर्यंत बोलत नाहीस. मी इतकी वर्षं धरून चालले की तू मला लायक समजली नाहीस. ताई म्हणते, बाई कडक होत्या, तोंडावर कौतुक करायच्या नाहीत. पण तिचं करायचीस, आई. माझ्यादेखत करायचीस. आठवडाभर डोकं फोडून जे दिसलं नाही ते पंधरा वर्षांच्या पोरीनं एका दमात सांगितलं, तेव्हा तुला काय झालं होतं? पुढं मी लॉ करते म्हटल्यावर तू वर का नाही बघितलंस? मी हे तुला दोष द्यायला विचारत नाही. कालपर्यंत विचारलं असतं तर दोष देण्यासाठीच. आज खरंच जाणून घ्यायचंय, कारण तुलाही तेच झालं असेल, तर या घरात हे मला एकटीलाच होत नाही, आणि तेवढ्यापुरती मी तुझ्या ताईपेक्षा तुझ्या जवळची ठरते. बघ, त्यातही मला तिच्यावर मात करायची आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं, हा प्रश्नच नाही. पॅडमधून फाडून ऑफिसच्या फाईलमध्ये ठेवीन, नाही तर श्रेडरमध्ये घालीन. लेक उठली आहे. तिच्या खोलीतून आवाज येतोय, सराव-खटल्याची तयारी करते आहे, मोठ्यानं, मी सांगितलेला मुद्दा स्वतःच्या शब्दांत बोलून बघते आहे, आणि माझ्यापेक्षा चांगला मांडते आहे. सकाळी ताईचा मेसेज आला, "विचारलंस का?" मी लिहिलं, "झोपली आहे अजून."

तेव्हा ती जागी होती.